नखाएवढें चित्र

माणसाच्या हाताशीं दिवसभर असणाऱ्या वस्तूंची यादी करावयाची ठरविली, तर आज तींत लहान चित्रांना वरचें स्थान द्यावें लागेल. खिशांतला मोबाइल बाहेर काढला कीं त्याच्या पडद्यावर वीसपंचवीस चित्रें एकदम उभीं राहतात. एक पाकिटाचें, एक घड्याळाचें, एक टेलिफोनच्या मुठीचें. आणि नातेवाइकांच्या नांवापुढें त्यांच्या चेहऱ्याचें, तेंहि गोल आणि नखाएवढें. इंग्रजींत तर अशा चित्राला अंगठ्याच्या नखाचेंच नांव पडलें आहे. छायाचित्र घ्यावें, संगणकावरील चित्रसंस्काराच्या सॉफ्टवेअरमध्यें तें कापावें, लहान करावें आणि त्याचा आयकॉन करून ठेवावा, हें काम आज शाळकरी मुलगाहि थोडक्या वेळांत करतो. परंतु काम सोपें झालें म्हणजे त्यामागचा प्रश्न सुटला असें होत नाहीं. मोठी वस्तु लहान जागेंत बसवितांना तिच्यांतलें काय ठेवावयाचें आणि काय टाकावयाचें, हा तो प्रश्न. आणि तो संगणकाच्या किती तरी आधींचा आहे. पुणें जिल्ह्यांतील भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या डोंगराळ मुलखांतच त्याचा माग पावणेचारशें वर्षें मागें नेतां येतो.

हा मुलूख जुन्या कागदांत हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरें अशा नांवांनीं येतो. तोरणा आणि राजगड हे दोन प्रसिद्ध किल्ले येथलेच. वेल्हे तालुक्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं घेतला, आणि २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत ज्या बारा मराठा किल्ल्यांना स्थान दिलें, त्यांत राजगड आहे. किल्ल्यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. येथें प्रयोजन आहे तें त्या किल्ल्यांच्या छायेंत लिहिल्या गेलेल्या कागदांशीं, आणि त्या कागदांवरील एका लहानशा ठशाशीं.

भोर तालुक्यांत, खेड शिवापूरच्या बाजूस, रांझें नांवाचें गांव आहे. या गांवच्या पाटलाविषयीं २८ जानेवारी १६४६ या तारखेचें एक पत्र उपलब्ध आहे. बाबाजी बिन भिकाजी गुजर हा रांझ्याचा मोकदम. त्यानें बदअंमल केल्याची गोष्ट कानावर आली, चौकशी झाली, अपराध शाबीत झाला, हातपाय तोडण्याची शिक्षा झाली, आणि पाटिलकी त्याच घराण्यांतील सोनजी गुजराकडे गेली. हा निवाडा देणाऱ्या शिवाजी महाराजांचें सोळावें वर्ष तेव्हां अजून पुरें व्हावयाचें होतें. न्यायाच्या कठोरपणामुळें हें पत्र इतिहासांत गाजलें. परंतु त्याचें दुसरेंहि एक महत्त्व आहे. महाराजांची सुप्रसिद्ध अष्टकोनी मुद्रा ज्या अगदीं जुन्या पत्रांवर उमटलेली सांपडते, त्यांत याची गणना होते.

त्या काळीं मराठी मुलखांतील पुष्कळ सरदारांच्या मुद्रा फारसी लिपींत असत. ही मुद्रा संस्कृत. शुक्ल प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढत जाणारी, जगानें वंदिलेली, शहाजीचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा लोककल्याणासाठीं शोभत आहे, असा तिचा आशय. एवढा सगळा मजकूर चिमुकल्या अष्टकोनांत बसविलेला! कोरक्याला तीं अक्षरें धातूवर उलटीं कोरावीं लागत, तेव्हां तीं कागदावर सुलटीं उमटत. काना, मात्रा, वेलांटी यांत केसाएवढी चूक झाली तरी ती प्रत्येक पत्रावर उमटणार. लहान आकृतींत चुकीला जागा नसते, हा या धंद्याचा पहिला धडा.

रांझ्याच्या कितीशा रहिवाशांनीं महाराजांचा चेहरा तोंपर्यंत पाहिला असेल? आणि त्यांच्यापैकीं कितीशांना संस्कृत वाचतां येत असेल? तरीहि पत्राच्या माथ्यावर तो आठ कोनांचा ठसा दिसला म्हणजे हुकूम कोणाचा, याविषयीं संशय राहत नसे. पत्राच्या शेवटीं मर्यादेची लहान मुद्रा, म्हणजे मोर्तब होई. मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं कांहीं घुसडूं नये, हा तिचा अर्थ. माणूस गडावर आणि त्याची खूण गांवांत, अशी ही व्यवस्था होती. आजच्या पडद्यावरील आयकॉन दुसरें काय करतो? कांचेवरील एक चिन्ह दाबलें कीं त्यामागचें सारें कार्यालय कामाला लागतें. खूण लहान आणि तिच्यामागची सत्ता मोठी, हें नातें तेव्हांहि होतें, आतांहि आहे.

भोरच्या बाबतींत हें नातें आणखी जवळचें ठरतें. भोरचें संस्थान पंत सचिवांचें. राजाराम महाराजांनीं १६९७ सालीं शंकराजी नारायण यांस सचिवपद दिलें आणि पुढें तें त्यांच्या घराण्यांत वंशपरंपरेनें चाललें. अष्टप्रधानांत सचिवाचें काम काय? राजपत्रें तपासावीं, त्यांत अधिकउणें अक्षर असेल तें शुद्ध करावें, आणि पत्र संमत झाल्याचें चिन्ह त्यावर करावें. म्हणजे ज्या घराण्यानें पुढें सुधागडापासून रोहिड्यापर्यंतचा मुलूख सांभाळला, त्याच्या पदाचें मूळ कर्तव्य कागदावर चिन्ह करणें हेंच होतें. लहानशा खुणेची किंमत भोरच्या दप्तराला शिकवावी लागली नाहीं.

मुद्रा कागदावर राही. प्रत्येकाच्या हातांत जाई तें नाणें. १६७४ च्या राज्याभिषेकाशीं ज्याचें नांव जोडलेलें आहे, त्या तांब्याच्या शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' एवढींच अक्षरें, भोंवतीं ठिपक्यांचें कडें. राजाचा चेहरा नाहीं, सिंहासन नाहीं, किल्ला नाहीं. शिवराई पाडतांना ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, असें पुष्कळदां होई. त्यामुळें कित्येक नाण्यांवर अक्षरें अर्धींमुर्धींच उमटलीं आहेत. कोठें 'श्री' कापली गेली, कोठें 'ति' बाहेर राहिली. तरी बाजारांत शिवराई चाले, कारण उरलेल्या अर्ध्या अक्षरांवरून गेलेलें अर्धें ओळखण्याची लोकांच्या डोळ्यांना संवय होती. हा दुसरा धडा. लहान चित्र पुरें असावें लागत नाहीं. तें ओळखूं यावें लागतें.

मुद्रा आणि नाणें हे अक्षरांचे प्रकार झाले. मूर्तीचा प्रकार पाहावयाचा तर राजवाड्यांतून निघून घरांतल्या देव्हाऱ्यांत जावें लागेल. महाराष्ट्रांतील असंख्य घरांप्रमाणें भोर आणि वेल्ह्याकडील घरांतहि देव्हाऱ्यांत टाक असतात. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यावर देवाची आकृति उठवितात आणि मागें पुष्कळदां तांब्याचा पत्रा बसवितात. टाक तळहातावर मावतो. त्या तेवढ्या जागेंत खंडोबा आणावयाचा आहे. जेजुरीचा गड, नऊ लाख पायऱ्यांची ख्याति, दीपमाळा, भंडाऱ्यानें पिवळा झालेला चढ, हें सारें तेथें येणार कसें? सोनार तें आणावयास जातच नाहीं. तो घोडा घेतो, घोड्यावरचा स्वार घेतो, स्वाराच्या हातांत खड्ग देतो, बरोबर म्हाळसा बसवितो आणि पायाशीं कुत्रा ठेवतो. एवढ्यावर घरांतलें लहान मूलहि खंडोबा म्हणून हात जोडतें. भवानी असेल तर हात आठ आणि पायाशीं महिषासुर. तोरण्यावरील मेंगाई असो वा राजगडावरील पद्मावती, मोठ्या देवळांतली मूर्ति आणि घरांतली तिची लहान खूण यांमधला प्रवास असाच होत असतो.

टाकांतील देवाचे डोळे आणि आयुधें यांचें माप शिल्पशास्त्राच्या हिशेबानें मोजूं गेल्यास चूक निघेल. डोळे मोठे, तरवार घोड्याच्या मानानें लांब, कुत्रा कधीं घोड्याच्या निम्मा. हें कारागिराचें अज्ञान नव्हे. ज्या वस्तूवरून देव ओळखावयाचा ती वस्तु मापांत ठेवली तर दिसणारच नाहीं. म्हणून ती माप सोडून मोठी करावयाची. वीरगतीस गेलेल्या पूर्वजाचा टाक देव्हाऱ्यांत बसवितात, तेथें तर चेहऱ्याचें साम्य पाहण्याचा प्रश्नच नसतो. घोडा आणि शस्त्र पाहिलें कीं घरच्यांना आपला वीर दिसतो. ओळख पत्र्यावर अर्धी असते. उरलेली अर्धी पाहणाऱ्याच्या मनांत असते.

एकोणिसाव्या शतकांत या सगळ्यांत एक नवी गोष्ट शिरली. खऱ्या माणसाचा खरा चेहरा नखाएवढ्या जागेंत छापण्याची टूम निघाली, आणि ती टपालाच्या तिकिटानें काढली. इंग्लंडांत १८४० सालीं जगांतलें पहिलें चिकटवावयाचें तिकीट निघालें, तें काळ्या रंगाचें एक पेनीचें. त्यावर व्हिक्टोरिया राणीचें मस्तक होतें. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. विल्यम वायन या कारागिरानें राणीच्या तरुणपणच्या मुद्रेवरून एक पदक घडविलें. त्या पदकावरून हेन्री कॉरबोल्ड यानें रेखाटन केलें. आणि त्या रेखाटनावरून चार्ल्स हीथ व त्याचा मुलगा फ्रेडरिक यांनीं पोलादावर बारीक रेषा कोरल्या. चेहराच कां निवडला, याचें कारण मार्मिक होतें. नक्षींत एखादी पाकळी इकडची तिकडे झाली तर कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पण माणसाचा डोळा चेहऱ्यांतला फरक तत्काळ हेरतो, म्हणून चेहऱ्याचें तिकीट खोटें करणें अवघड जाईल, असा हिशेब होता. राणी म्हातारी झाली, विधवा झाली, नातवंडांची आजी झाली; परंतु तिच्या हयातींत, म्हणजे १९०१ पर्यंत, ब्रिटनच्या टपाली तिकिटांवर तिची तरुण मुद्राच राहिली. लहान चित्र एकदां लोकांच्या अंगवळणीं पडलें म्हणजे खरा माणूस पुढें जातो आणि चित्र मागें थांबतें.

भोर संस्थानानें आपलीं तिकिटें १८७९ सालीं काढलीं. अर्धा आणा आणि एक आणा, अशा दोन किंमती. तीं यंत्रावर छापलेलीं नव्हतीं. देशी कागदावर हातानें एकेक ठसा मारून तीं तयार होत; कागद कोठें जाड, कोठें पातळ; कडेला फाडण्यासाठीं दांतेहि नसत, कातरीनें कापून घ्यावीं लागत. सारांश, पत्रावर शिक्का मारण्याची सचिवांच्या दप्तराची जुनी क्रियाच येथें टपालाच्या कामीं आली. त्या ठशांत चेहरा नव्हता. रांझ्याच्या पत्रावरील मुद्रेचेंच तें दूरचें वंशज होतें.

नंतर बावीस वर्षांनीं, १९०१ सालीं, भोरचें अर्ध्या आण्याचें तांबडें तिकीट निघालें, आणि त्यावर राजे शंकरराव चिमणाजी पंत सचिव यांची प्रतिमा आली. अक्षराची जागा चेहऱ्यानें घेतली. या बावीस वर्षांत हिंदुस्थानांत पुष्कळ घडलें होतें. छायाचित्रें काढविण्याची हौस संस्थानिकांपासून मध्यम स्थितीच्या घरांपर्यंत पोंचली होती. पुण्यांत १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चित्रशाळा काढली होती, आणि देवादिकांचीं व थोर पुरुषांचीं छापील चित्रें भिंतीभिंतींवर लागूं लागलीं होतीं. ज्या प्रजेनें मागें राजाची केवळ मुद्रा पाहिली, तिला आतां राजाचा चेहरा पाहावासा वाटूं लागला, आणि राजालाहि तो दाखवावासा वाटूं लागला.

परंतु छायाचित्र छापणें ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हती. छायाचित्रांत काळ्यापांढऱ्याच्या मधल्या करड्या रंगाच्या शेंकडों छटा असतात. छापखान्याच्या शाईला अशी मधली छटा ठाऊक नाहीं. ती कागदाला लागते किंवा लागत नाहीं. ही अडचण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हाफटोन ब्लॉकनें सोडविली. बारीक जाळीची कांच मध्यें धरून छायाचित्राचे ठिपके करावयाचे. जेथें गडद तेथें ठिपका मोठा, जेथें फिका तेथें लहान. दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ते ठिपके एकमेकांत मिसळतात आणि त्याला गालाची गोलाई दिसते. मात्र चित्र फारच लहान झालें म्हणजे ठिपके नाकडोळ्यांपेक्षां मोठे ठरूं लागतात. म्हणून तिकिटासारख्या जागीं कोरक्याला रेषेचाच आश्रय घ्यावा लागे. पागोट्याचा घेर, मिशीचा वळसा, अंगरख्याची कड, या दोनचार गोष्टी उरत आणि माणूस उभा राही. राजे शंकरराव १८७१ पासून १९२२ पर्यंत, म्हणजे एकावन्न वर्षें गादीवर होते. तिकिटावर त्यांतला एक क्षण राहिला. संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याची टपालव्यवस्था आज कोणाच्या स्मरणांत नाहीं, परंतु तो तांबडा कागदाचा तुकडा जगभरच्या संग्राहकांच्या वह्यांत भोरचें नांव सांगत बसला आहे.

लहान चित्राच्या या सामर्थ्याला दुसरी बाजूहि आहे, आणि तिचा अनुभव महाराष्ट्राला शिवाजी महाराजांच्याच बाबतींत आला. इब्राहिमखान नांवाच्या दुसऱ्याच गृहस्थाचें एक चित्र महाराजांचें म्हणून बराच काळ छापलें जात होतें. मोठ्यावरून लहान, लहानावरून आणखी लहान, अशा नकला होत गेल्या. प्रत्येक नकलेबरोबर मूळ चित्र, त्याच्या कडेचा मजकूर, तें कोठून आलें याची हकीकत, हें सारें गळत गेलें आणि चेहरा तेवढा राहिला. ज्याला कडा नाहीं त्याची चौकशी कोणीं आणि कशी करावी? इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं मूळ साधनांचा शोध घेऊन १९३३ सालीं महाराजांचें अस्सल चित्र पुण्यांत लोकांपुढें ठेवलें, तेव्हां ही चूक उघड झाली. चित्र लहान करतांना जें कापलें जातें त्यांत कधीं कधीं पुरावाच कापला जातो, हा या हकीकतीचा बोध.

आतां संगणकाच्या युगाकडे वळावें. १९५७ सालीं अमेरिकेंत रसेल कर्श या शास्त्रज्ञानें आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें छायाचित्र यंत्रानें वाचून संगणकांत नेलें. संगणकांत गेलेलें हें पहिलें छायाचित्र. त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६ भाग केलेले होते. म्हणजे एकूण ३०,९७६ चौकोन, आणि प्रत्येक चौकोन काळा किंवा पांढरा. या चौकोनालाच पुढें पिक्सेल हें नांव मिळालें. हाफटोनच्या ठिपक्याचा हा धाकटा भाऊ. फरक इतकाच कीं ठिपका लहानमोठा होत असे. पिक्सेल आपल्या आकारांत राहून रंग बदलतो.

१९८३ च्या सुमारास ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकासाठीं सुझन केअर या कलावतीनें जीं चिन्हें तयार केलीं, तीं तर आलेखाच्या कागदावर चौकोन भरून केलेलीं होतीं. आडवे ३२ आणि उभे ३२, असे १,०२४ चौकोन. कोणता काळा करावयाचा आणि कोणता पांढरा ठेवावयाचा, एवढाच अधिकार. दोसुतीवर टांके मोजून मोर भरणाऱ्या, किंवा अंगणांत ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या मराठी घरांतील स्त्रीला हें काम परकें वाटलें नसतें. मोराची मान किती ठिपक्यांत वळवावी, हा प्रश्न तिनेंहि सोडविलेला आहे. पुढें १९९० सालीं फोटोशॉप आणि १९९६ च्या सुमारास कोणालाहि विनामूल्य मिळणारें गिंप हीं सॉफ्टवेअरें आलीं, आणि कोरक्याचें, ठसेवाल्याचें व ब्लॉक करणाऱ्याचें काम एका मेजावर येऊन बसलें.

त्या मेजावर काय घडतें, हें राजगडाचेंच उदाहरण घेऊन पाहतां येईल. वेल्ह्याच्या मुलखांतून कोणीं राजगडाचें छायाचित्र घेतलें. त्याची रुंदी ४,००० पिक्सेल आणि उंची ३,००० पिक्सेल. यापासून आडवे १६ आणि उभे १६, म्हणजे अवघ्या २५६ चौकोनांचा आयकॉन करावयाचा आहे. प्रथम चित्राला चौरस कापावें लागतें. ३,००० गुणिलें ३,००० म्हणजे नव्वद लक्ष पिक्सेल हातीं राहतात. ते २५६ चौकोनांत वांटले तर प्रत्येक चौकोनाच्या वांट्याला पस्तीस हजारांहून अधिक पिक्सेल येतात. त्या पस्तीस हजारांच्या वतीनें एकानेंच बोलावयाचें!

संगणक हें कसें ठरवितो? एक रीत अशी कीं त्या पस्तीस हजारांतला एक उचलावा आणि बाकीचे सोडावे. या रीतीनें कडा दांतेरी होतात, आणि बारीक रेषा असली तर ती मध्येंच तुटते. दुसरी रीत सर्वांची सरासरी काढण्याची. तिनें चित्र मऊ होतें, पण डोंगर आणि आभाळ यांमधली कड धुक्यांत गेल्यासारखी दिसते. तिसऱ्या रीतींत शेजारच्या चौकोनांना कमीअधिक वजन देऊन हिशेब करतात. मग कडा पुन्हां थोड्या धारदार कराव्या लागतात. हें सर्व सॉफ्टवेअर क्षणांत करतें. मात्र राजगड कशानें राजगड आहे, हें त्याला ठाऊक नसतें.

तें ठाऊक असावें लागतें माणसाला. मध्यें उंच उठलेला बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंनीं पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या, ही राजगडाची आकृति. सुवेळा माचीवर खडकाला आरपार पडलेलें नेढें आहे; तें ज्या बाजूनें दिसतें त्या बाजूनें चित्र घेतलें असेल तर ती गडाची पक्की खूण. पण नव्वद लक्ष पिक्सेलांच्या चित्रांत नेढें वीसतीस पिक्सेलांचें असेल, आणि आयकॉनचा एकेक चौकोन तर जवळजवळ १८७ पिक्सेल रुंदीचा. सरासरीच्या हिशेबांत नेढें बुजून जाणार, हें उघड आहे. तेव्हां करणाऱ्यानें टाक घडविणाऱ्या सोनाराची वाट धरावयाची. पार्श्वभूमींतले ढग, झाडें, विजेच्या तारा काढून टाकाव्या. आभाळ पारदर्शक करावें. गडाची बाह्यरेषा एका गडद रंगांत भरावी. बालेकिल्ला मापाहून थोडा उंच करावा. आणि नेढ्यासाठीं एक चौकोन जाणून मोकळा ठेवावा. माप बिघडलें, पण गड ओळखूं आला.

कारागिरीच्या कांहीं बारीक गोष्टीहि येथें येतात. जेपेग पद्धतीनें जपलेल्या चित्राला पारदर्शक पार्श्वभूमि ठेवतां येत नाहीं. शिवाय ती पद्धत चित्राचे आठ गुणिलें आठचे तुकडे करून दाबते, त्यामुळें तीक्ष्ण रेषेभोंवतीं मळ उठतो. आयकॉनसाठीं पीएनजी पद्धत बरी. तसेंच एकच चित्र सर्व मापांना चालत नाहीं. विंडोज संगणकाच्या आयकॉनच्या एकाच फाइलींत १६, ३२, ४८, २५६ अशा निरनिराळ्या मापांचीं चित्रें ठेवण्याची सोय असते, ती याचसाठीं. २५६ च्या मापांत तटबंदी दाखवितां येईल, ४८ मध्यें तिन्ही माच्यांचा उतार, १६ मध्यें फक्त बालेकिल्ला आणि नेढें. मोठें चित्र दाबून लहान केलेलें आणि लहान मापासाठीं पुन्हां विचार करून काढलेलें, यांतला फरक डोळ्याला लगेच कळतो.

हा विचार न केल्यास काय होतें, तें पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. किल्ल्याचें सर्वसाधारण चिन्ह म्हणून एक बुरूज आणि एक झेंडा काढून दिला कीं काम भागतें, अशी समजूत झाली आहे. तेंच चिन्ह राजगडाला, तेंच तोरण्याला, तेंच रोहिड्याला. तोरणा हा पुणें जिल्ह्यांतला सर्वांत उंच किल्ला; झुंजार आणि बुधला या माच्यांनीं लांबट झालेली त्याची पाठ राजगडाहून अगदीं निराळी. वेल्ह्याच्या शेतकऱ्याला दोन्ही गड अंधारांत आकृतीवरून ओळखतात. पडद्यावरच्या चिन्हांत मात्र ते एकाच साच्याचे होतात. शिवराईवर अर्धें अक्षर कापलें गेलें तरी तें शिवराईचेंच अक्षर होतें. येथें दुसऱ्याचें अक्षर आणून बसविलें जातें. कालांतरानें ज्यांनीं गड पाहिलाच नाहीं त्यांना तोच साचा खरा वाटूं लागेल. इब्राहिमखानाच्या चित्राची गोष्ट नव्या वेषांत पुन्हां घडेल.

घरगुती चित्रांत हीच गोष्ट अधिक लागते. जुन्या घरांतून कुटुंबाचीं मोठीं छायाचित्रें असतात. मध्यें खुर्चीवर कर्ता पुरुष, बाजूला मुलगे. कडेला उभी राहिलेली एखादी विधवा आत्या, दाराच्या चौकटींत अर्धी दिसणारी स्वयंपाकाची बाई, खालीं बसलेला गडी. त्या छायाचित्राचा चौरस किंवा गोल आयकॉन करावयास घेतला कीं कडेचीं माणसें प्रथम जातात. कापणाऱ्याच्या मनांत दुष्टावा नसतो. चौकटीचा आकारच तसा असतो. पुष्कळदां त्या आत्येचें किंवा त्या बाईचें जगांतलें एकमेव चित्र तेंच असतें. मूळ चित्रावरच कातर चालवून तें जपलें गेलें, तर ती व्यक्ति दुसऱ्यांदां आणि कायमची नाहींशी होते. म्हणून जाणते लोक मूळ छायाचित्र जसेंच्या तसें वेगळें ठेवतात, त्याच्या नकलेवर काम करतात, आणि मूळ चित्राच्या नांवांत साल, गांव व माणसांचीं नांवें लिहून ठेवतात. सचिवाच्या दप्तरांत जें चिन्ह होई, त्याच्या खालीं पुरें पत्रहि असे. चिन्हानें पत्राची जागा घेतली नाहीं.

रांझ्याच्या त्या पत्राचें मूल्य आज कशांत आहे? नुसती मुद्रा कापून कोणीं जपली असती तर एक सुंदर अष्टकोन उरला असता. तिच्याखालचा मजकूर उरला म्हणून एका गांवांत काय घडलें, कोणावर अन्याय झाला आणि कोणीं त्याची दाद घेतली, हें पावणेचारशें वर्षांनंतरहि कळतें. मुद्रेनें कागदाला अधिकार दिला आणि कागदानें मुद्रेला अर्थ दिला. नखाएवढें चित्र करण्याची विद्या आतां प्रत्येकाच्या हातांत आली आहे. टाक घडविणाऱ्या सोनाराची निवड आणि सचिवाची तपासणी या दोन गोष्टी तिच्यासोबत राहिल्या, तर राजगड पडद्यावरहि राजगडच दिसेल, आणि कडेला उभी राहिलेली आत्या मूळ चित्रांत आपल्या जागीं उभी असेल.